ज्यांना आपण तार्तार म्हणतो

सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपात छापलेले आशिया खंडाचे नकाशे चाळले, तर हिमालयाच्या उत्तरेस, कास्पियन समुद्रापासून प्रशांत महासागरापर्यंत पसरलेल्या अफाट भूभागावर एकच नाव ठळक अक्षरांत लिहिलेले आढळते : तार्तारी. कुठे महातार्तारी, कुठे चिनी तार्तारी, तर कुठे स्वतंत्र तार्तारी. आज हे नाव नकाशावरून पुसले गेले आहे. त्या जागी मंगोलिया, सैबेरिया, मांचुरिया, कझाकस्तान, उझबेकिस्तान अशी नावे आली आहेत. परंतु नवल असे, की ते नाव नकाशावर विराजमान होते तेव्हाही तिथला मेंढपाळ किंवा घोडेस्वार आपल्या मायभूमीला ‘तार्तारी’ म्हणून ओळखत नव्हता. नाव देणारे दूर होते. ज्यांना नाव दिले त्यांना त्याची खबरही नव्हती.

एखाद्या देशाला, एखाद्या लोकसमूहाला त्याच्या पाठीमागे भलतेच नाव देणे ही केवळ भूगोलातली चूक म्हणावी, की तिच्यात नीतीचाही प्रश्न गुंतलेला आहे? वरवर पाहता प्रश्न क्षुल्लक वाटतो. नाव म्हणजे ओळखीची खूण; खुणेने काम भागले म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. मलाही बराच काळ तसेच वाटत असे. या नावांचा इतिहास थोडाफार वाचल्यावर, आणि घरातल्याच एका प्रसंगाने डोळे उघडल्यावर, ते मत मला बदलावे लागले.

प्रथम या नावाचा जन्म पाहू. मंगोल पठाराच्या पूर्वेस तातार नावाची एक बलाढ्य टोळी होती. चंगीझखानाच्या कुळाशी तिचे पिढीजात वैर. त्याच्या बापाला तातारांनीच विष घातले, असे मंगोलांची परंपरा सांगते. पुढे १२०२ साली चंगीझखानाने या टोळीचा पाडाव करून तिचा जवळजवळ निर्वंश केला. पण दैवाचा खेळ असा, की ज्यांचा नाश केला त्यांचेच नाव जेत्यांना चिकटले. फ्रान्सिस्कन संन्यासी रुब्रुकचे विल्यम यांनी याचे कारण नोंदवून ठेवले आहे. उरलेल्या तातारांना मंगोल प्रत्येक लढाईत आघाडीला पाठवीत. त्यामुळे ‘तातार आले, तातार आले’ अशीच हाकाटी देशोदेशी पसरली. टोळी लढता लढता संपली. नाव मात्र जगभर झाले.

युरोपात पोहोचताना या नावात आणखी एक अक्षर शिरले. एप्रिल १२४१ मध्ये अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने पोलंडमधील लेग्नित्सा आणि हंगेरीतील मोही येथे ख्रिस्ती सैन्यांची धूळधाण उडाली. भयभीत युरोपला त्या वेळी ग्रीक पुराणातला ‘तार्तारस’ आठवला. तार्तारस म्हणजे पाताळाच्याही तळाशी असलेला नरक. तातारमध्ये एक रकार घातला, की ‘तार्तार’, म्हणजे नरकातून आलेले लोक. फ्रान्सचा राजा संत लुई याने आपली आई ब्लांश राणी हिची समजूत घालताना याच शब्दावर कोटी केल्याचे मॅथ्यू पॅरिस या इंग्लिश बखरकाराने लिहिले आहे : एक तर आपण त्यांना त्यांच्या तार्तारसात परत ढकलू, नाहीतर ते आपल्याला स्वर्गात पाठवतील. संकटातही धीर न सोडणाऱ्या भाविक राजाची ही कोटी. तिच्यात द्वेषापेक्षा श्रद्धाच अधिक आहे. तरीही एका संताच्या मुखातून एक संपूर्ण मानवसमूह नरकाच्या नावाने ओळखला गेला, ही गोष्ट उरतेच.

भीती हे पाप नव्हे. मंगोलांनी केलेला संहार काल्पनिकही नव्हता. १२४० मध्ये त्यांनी कीव्ह शहर उद्ध्वस्त केले. पाच-सहा वर्षांनी तिथून गेलेल्या प्रवाशाला जेमतेम दोनशे घरे शिल्लक दिसली आणि वाटेवर माणसांच्या कवट्या व हाडे विखुरलेली आढळली. तेव्हा मंगोलांना निष्पाप ठरवण्यासाठी हे लिहितो आहे, असा गैरसमज नसावा. प्रश्न वेगळा आहे. ‘त्यांनी क्रूर कर्मे केली’ हे विधान खरे आहे. ‘ते नरकातले आहेत’ हे विधान मात्र खोटे आहे, कारण नरकातून माणूस जन्मत नाही. पहिल्या विधानानंतर संवादाला, न्यायाला, पश्चात्तापालाही जागा उरते. दुसऱ्यानंतर फक्त तलवार उरते. नरकातून आलेल्याशी कोण बोलायला जाईल?

आणि तरी एक माणूस बोलायला गेला. कीव्हची ती घरे पाहणारा प्रवासी तोच. पोप चौथे इनोसंट यांनी १२४५ साली ईस्टरच्या दिवशी लियों शहरातून जोव्हान्नी द पियान देल कार्पिने या फ्रान्सिस्कन संन्याशाला मंगोल खानाकडे पत्रे देऊन रवाना केले. असिसीच्या संत फ्रान्सिसचे हे आरंभीचे सोबती. वय साठीच्या पुढे, देह स्थूल. अशा माणसाने थंडीवाऱ्यात, अर्धपोटी, घोड्यावर बसून हजारो मैल तुडवले आणि १२४६ च्या ऑगस्टमध्ये गुयुक खानाचा राज्यारोहण-सोहळा डोळ्यांनी पाहिला. परतल्यावर त्यांनी जो ग्रंथ लिहिला त्याचे नाव मला फार अर्थपूर्ण वाटते. त्या लॅटिन नावाचा आशय असा : ज्यांना आपण तार्तार म्हणतो त्या मंगोलांचा इतिहास. ग्रंथाच्या शीर्षकातच ही कबुली आहे. त्यांचे नाव मंगोल; तार्तार हे आपण म्हणतो. चूक आपली आहे, ती आपल्या खात्यावर मांडली पाहिजे, हा प्रामाणिकपणा त्या वृद्ध संन्याशाने दाखवला. ग्रंथात त्यांनी मंगोलांची कपटनीती, मद्यपान, परक्यांविषयीचा तुच्छभाव यांवर झोड उठवली आहे. त्याचबरोबर त्यांची आज्ञाधारकता, आपसातला सलोखा, चोरीचे भय नसल्याने कुलपाविना राहणाऱ्या त्यांच्या गाड्या, हेही मोकळेपणाने नोंदले आहे. खरे नाव उच्चारले की खऱ्या गुणदोषांचा हिशेब मांडता येतो, तो असा.

गुयुक खानाने पोपना पाठवलेले उत्तर आजही व्हॅटिकनच्या दप्तरखान्यात आहे. ते फारसी भाषेत असून त्यावर खानाची मोहोर आहे. त्याचा सूर उद्दाम आहे. पोपनी स्वतः येऊन शरण यावे, असे त्यात फर्मावले आहे. परंतु त्याच पत्रातला एक सवाल आजही अंतर्मुख करतो. देव कोणाला क्षमा करतो, कोणावर कृपा करतो, हे तुम्हाला कसे ठाऊक, असे तो विचारतो. ज्यांना आपण नरकाचे रहिवासी ठरवले होते, त्यांच्याकडून हा प्रश्न यावा!

सात-आठ वर्षांनी, १२५३ मध्ये, रुब्रुकचे विल्यम त्याच वाटेने निघाले. सार्तक नावाचा मंगोल राजपुत्र ख्रिस्ती झाल्याची वार्ता त्यांच्या कानी आली होती. त्याच्या छावणीतून निघताना तिथल्या लेखनिकाने त्यांना बजावले, की आमच्या स्वामींना ख्रिस्ती म्हणू नका; ते ख्रिस्ती नाहीत, मोआल आहेत. मोआल म्हणजे मंगोल. विल्यम यांच्या ध्यानात आले, की हे लोक ‘ख्रिस्ती’ हे एका जातीचे, एका राष्ट्राचे नाव समजतात. ख्रिस्तावर श्रद्धा ठेवली तरी ते नाव त्यांना नको आहे. आणि त्यांना तार्तारही म्हणवून घ्यायचे नाही, कारण ती दुसरीच टोळी होती.

हा प्रसंग वाचून मी थबकलो. आपण त्यांचे नाव चुकीचे ऐकले होते. त्यांनीही आपले नाव चुकीचे ऐकले. आपल्या दृष्टीने ‘ख्रिस्ती’ म्हणजे प्रभूचा अनुयायी, मग तो कोणत्याही वंशाचा असो. त्यांच्या कानांना त्या शब्दात फिरंगी टोळीचा वास आला. शुभवर्तमान त्यांच्या दारापर्यंत पोहोचले, पण नावाच्या उंबरठ्यावर अडखळले. आपल्या या कोकणपट्टीत ‘फिरंगी’, ‘बाटगे’ असे शब्द ज्यांच्या वाडवडिलांनी ऐकले आहेत, त्यांना हे दुःख वेगळे समजावून सांगायला नको. आपण याच मातीतले, बोली याच मातीची. आणि तरी नाव परक्याचे.

तार्तारीची जुळी बहीण म्हणजे ‘कॅथे’. दहाव्या शतकाच्या आरंभापासून ११२५ पर्यंत उत्तर चीनवर खितान लोकांचे राज्य होते. त्यांची भाषा मंगोल भाषेच्या नात्यातली. खितानांवरून त्या प्रदेशाला मध्य आशियात ‘खिताई’ म्हणू लागले, त्याचेच युरोपात ‘कॅथे’ झाले. खितानांचे राज्य बुडाले, मंगोल आले, १३६८ मध्ये त्यांनाही बीजिंग सोडून पळावे लागले. नाव मात्र हलले नाही. रशियन भाषेत चीनला आजही ‘किताई’च म्हणतात. १४९२ मध्ये कोलंबस निघाला तेव्हा त्याच्याजवळ पूर्वेच्या महाखानाला द्यायचे पत्र होते. महाखानाचे सिंहासन बीजिंगमधून उठून तेव्हा १२४ वर्षे झाली होती! मेलेल्या नावाच्या शोधात निघालेला तो दर्यावर्दी भलत्याच किनाऱ्याला लागला आणि तिथल्या लोकांना त्याने ‘इंडियन’ हे आणखी एक चुकीचे नाव देऊन ठेवले.

या कॅथेच्या वाटेवर आपल्या ठाण्याचे रक्त सांडले आहे. तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियुस हे चार फ्रान्सिस्कन १३२१ च्या एप्रिलमध्ये ठाण्यात रक्तसाक्षी झाले, हे आपल्याला ठाऊक असते. ते निघाले होते मात्र कॅथेला. मंगोलांच्या राजधानीत, खानबालिक म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, महागुरू मोंतेकोर्व्हिनोचे जॉन ख्रिस्तसभेची धुरा वाहत होते. त्यांच्या मदतीला जायचे होते. ठाणे हा वाटेवरचा मुक्काम. डॉमिनिकन संन्यासी जॉर्डन यांनी त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे पोर्देनोनेचे ओदोरिक आले आणि त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन समुद्रमार्गे चीनला गेले. जिवंतपणी जिथे पोहोचता आले नाही, तिथे ते अस्थिरूपाने पोहोचले. त्यांच्या ओठांवरचे देशाचे नाव जुने झालेले होते. परंतु त्या नावापलीकडच्या माणसांसाठी त्यांनी घर सोडले होते. म्हणून ते नाव त्यांच्या आड आले नाही.

या भ्रमाचा शेवट ज्याने केला, तो माणूसही आपल्याच परिसरातून गेला. अझोर्स बेटांवर जन्मलेला बेंतो द गोइश शिपाईगिरीसाठी हिंदुस्थानात आला आणि गोव्यात येशूसंघात बंधू म्हणून दाखल झाला. तोवर येशूसंघीय माट्टेओ रिची यांनी चीनमधून लिहिले होते, की कॅथे म्हणून वेगळा देश नाही. चीन म्हणजेच कॅथे. पण अकबराच्या दरबारी असलेल्या येशूसंघीयांना व्यापारी सांगत, की कॅथेत ख्रिस्ती लोक आहेत. मग खरे काय? ते पायी जाऊन पाहण्यासाठी १६०२ मध्ये बेंतो आग्र्याहून निघाला. अर्मेनियन व्यापाऱ्याचा वेष आणि ‘अब्दुल्ला इसाई’ हे नाव घेऊन तो लाहोर, काबूल, यार्कंद, तुर्फान असा काफिल्यांबरोबर चालत राहिला. अब्दुल्ला म्हणजे देवाचा दास. अनोळखी मुलखात पाऊल ठेवताना आपले जन्मनाव बाजूला ठेवून तिथल्या लोकांच्या भाषेतले नाव त्याने अंगीकारले, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. वाटेत बीजिंगहून परतणारे व्यापारी भेटले. त्यांनी तिथल्या येशूसंघीयांबरोबर राहिल्याचे सांगितले आणि पोर्तुगीज अक्षरांतला एक कागदही दाखवला. बेंतोला उमगले, की ज्या कॅथेला आपण शोधतो आहोत तो चीनच. १६०५ च्या अखेरीस तो चीनच्या वेशीवरच्या सुचौ नगरात पोहोचला आणि तिथेच अडकून पडला. रिचींनी पाठवलेला चिनी तरुण बंधू त्याच्यापर्यंत आला तो मार्च १६०७ च्या अखेरीस. ११ एप्रिलला बेंतोने डोळे मिटले. त्याची रोजनिशी सोबतच्या व्यापाऱ्यांनी फाडून टाकली, कारण तिच्यात त्यांच्याकडच्या येण्याची नोंद होती. उरलेले चिटोरे आणि इसाक या विश्वासू अर्मेनियन सोबत्याची आठवण यांवरून रिचींनी ती कहाणी लिहून ठेवली.

दोन नावे एकाच देशाची आहेत, एवढे एक वाक्य सिद्ध करण्यासाठी एका माणसाचे आयुष्य खर्ची पडले. हे मोल फार झाले का? मला तसे वाटत नाही. खरे नाव घरबसल्या कळत नाही. कोणीतरी चालत जावे लागते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. परक्यांनी दिलेले नाव नेहमीच अन्यायाचे असते काय? व्होल्गा नदीकाठच्या मुसलमानांनी तातार हे नाव पुढे अभिमानाने धारण केले. शिहाबेद्दीन मर्जानी या त्यांच्या एकोणिसाव्या शतकातील विद्वानाने तसा आग्रहच धरला होता. आपल्या मुंबई परिसरातील कॅथलिकांनी १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, ते परक्या कंपनी सरकारच्या नावावरूनच. इतके कशाला, ‘ख्रिस्ती’ हे नाव तरी कोणी दिले? अंत्युखिया नगरात शिष्यांना ते नाव प्रथम पडले, असे प्रेषितांची कृत्ये सांगते. ते बहुधा बाहेरच्यांनीच ठेवलेले होते, कदाचित हिणवण्यासाठीही. शिष्यांनी ते शिरोधार्य मानले आणि त्यासाठी प्राणही दिले.

तेव्हा नाव कोठून आले, हा खरा निकष नव्हे. ज्याचे नाव आहे त्याने ते आपले म्हटले आहे काय, हा निकष. स्वीकारलेले नाव माळेसारखे असते, लादलेले नाव बेडीसारखे. आणि लादणाऱ्यांत आपणही असतो. ‘मोगल’ हा मंगोल शब्दाचाच फारसी अवतार. ज्याला आपण पहिला मोगल बादशहा म्हणतो तो बाबर स्वतःला तैमूरचा वंशज तुर्क मानी आणि मोगलांविषयी तुच्छतेने लिही. त्या नावाची आपण मराठीत ‘मोगलाई’ केली. निजामाच्या मुलखाला मोगलाई म्हटले आणि अंदाधुंदीलाही मोगलाईच. १९४८ मध्ये निजामी राजवट संपली; पण त्या मुलखातल्या साध्यासुध्या मराठी शेतकऱ्याला त्या शब्दातून कोणता मान मिळाला असेल?

आता तो घरचा प्रसंग. मंगोल या नावाची सर्वांत क्रूर फरफट वैद्यकाच्या पुस्तकांत झाली. १८६६ साली लँग्डन डाउन या इंग्लिश डॉक्टरने मतिमंदत्व घेऊन जन्मलेल्या काही बालकांचे चेहरे पाहून त्यांना ‘मंगोल’ म्हटले. जणू एक अख्खे राष्ट्र म्हणजे एक व्यंग! पुढे जेरोम लेजून या श्रद्धाळू फ्रेंच कॅथलिक डॉक्टरांनी सहकाऱ्यांसह १९५९ मध्ये दाखवून दिले, की या बालकांच्या पेशींत एक गुणसूत्र अधिक असते. वंशाचा त्याच्याशी संबंध नाही. १९६१ मध्ये काही शास्त्रज्ञांनी हा शब्द टाकून द्यावा असे सुचवले, आणि १९६५ मध्ये मंगोलियाच्या प्रतिनिधींच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने तो टाकला.

आमच्याकडे तो पुढेही कित्येक वर्षे चालू होता. माझ्या मावसबहिणीचा धाकटा मुलगा असा जन्मला. डॉक्टरांनी कागदावर तोच शब्द लिहिला आणि आम्ही नातेवाईक तो सहज बोलू लागलो. एकदा तिच्याच ओटीवर बसून, आलेल्या पाहुण्यांना मी म्हणालो, “हा आमचा मंगोल.” ती आतून आली. आवाज न चढवता म्हणाली, “अरे, त्याला नाव आहे. तूच तर त्याचा धर्मपिता.” मी मान खाली घातली. बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ धर्मगुरूंनी त्या लेकराचे नाव उच्चारून त्याच्या मस्तकावर पाणी ओतले, तेव्हा मी हाताच्या अंतरावर उभा होतो. ते नाव मी ऐकले होते आणि तीन वर्षांत विसरलो होतो. एका वाक्यात मी दोघांवर अन्याय केला होता : त्या मुलावर, आणि ज्यांना कधी पाहिलेही नाही अशा दूरच्या एका राष्ट्रावर.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात माणसाच्या नावाचे पावित्र्य दुसऱ्या आज्ञेखाली सांगितले आहे, म्हणजे जी आज्ञा देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये असे बजावते तिच्याच खाली. हे स्थान विचारपूर्वक दिलेले आहे. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. पुनरुत्थानाच्या पहाटे रिकाम्या कबरीपाशी रडणाऱ्या मग्दालियाला प्रभूची ओळख पटली ती त्याने तिचे नाव घेतले तेव्हा. ज्याच्या प्रतिमेत माणूस घडला आहे, त्याच्या नावाचा आणि माणसाच्या नावाचा मान वेगवेगळा करता येत नाही.

१९९२ मध्येच तीन धर्मगुरू मंगोलियात दाखल झाले आणि तिथे ख्रिस्तसभेचे काम नव्याने सुरू झाले. आज तिथे जेमतेम दीड हजार कॅथलिक आहेत. आपल्या एखाद्या लहानशा धर्मग्रामाएवढे. २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस त्यांना भेटायला गेले, तेव्हा गुयुक खानाच्या त्या पत्राची प्रत त्यांनी तिथल्या राष्ट्राध्यक्षांना भेट दिली. सुमारे पावणेआठशे वर्षांपूर्वी ज्यांना नरकाचे नाव दिले होते, त्यांच्या घरी पीटरचा वारस पाहुणा म्हणून गेला, आणि त्यांना त्यांच्याच नावाने हाक मारून आला.

यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात परमेश्वर एका उजाड भूमीला वचन देतो, की तुला यापुढे कोणी टाकलेली म्हणणार नाही. तुला नवे नाव मिळेल. भूमीची नावे बदलणे त्याच्या हाती आहे. आपल्या हाती एवढेच आहे, की शेजारच्या आळीतल्या, पलीकडच्या पाड्यावरच्या, परप्रांतातून पोटासाठी आलेल्या माणसाला आपण कोणत्या शब्दाने ओळखतो, हे एकदा तपासून पाहावे. आणि तो शब्द त्याचा नसेल, तर त्याच्या दारापर्यंत जाऊन त्याचे नाव विचारावे. माझा तो धर्मपुत्र आता चाळिशी ओलांडून गेला आहे. दर रविवारी मिस्सा संपल्यावर तो चर्चच्या पायरीवर माझी वाट पाहत उभा असतो. मी त्याच्या नावाने हाक मारतो, आणि तो ओ देतो.